काकांना विचारून सांगतो

३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत असते. लिहिलं, खोडलं आणि नवा कागद घेतला. खोडाखोड दिसली असती तर तू म्हणाली असतीस, ताई डगमगली.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून हा कागद. शिवाय आई रोज मागे लागते, "कितीही झालं तरी पाठची बहीण आहे. तू मोठी, तू लिही." मोठेपणाचं एवढं बरं असतं बघ, नवरा धाकटीबरोबर गेला तरी ते जात नाही.

पाकिटावर तुमचा पत्ता बघून तू चपापली असशील. पत्ता त्यानेच दिला. आपणहून, अगदी खाणाखुणांसकट: जिना चढून डावीकडचं दार, बेल बिघडलीय, कडी वाजवा. अजून बिघडलेलीच आहे का गं? असणारच. बेलला चाकं नाहीत ना.

कसा दिला, तेही सांगते. ती लाल दोनदारी गाडी आमच्याकडे आली तेव्हा तीन मालकांचे हात लागून आली होती. आणली त्या दिवशी तो तिच्याभोवती नव्या नवऱ्यासारखा फिरत होता. आठवड्याभरात समोर पिवळा दिवा लागला आणि नवरदेवाचं तोंड उतरलं. मला म्हणाला, "नेटवर बघ ना काहीतरी." स्वतः वाचायचा कंटाळा.

मी बघायला लागले. आमच्या चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. बापरे, काय तो बाजार! एक सांगतो ऑइल लवकर बदला, दुसरा सांगतो हात लावू नका, तिसरा सांगतो गाडी विका. व्हिडिओवाले तर गावजेवणाचं आमंत्रण दिल्यासारखे ओरडतात आणि शेवटी कसलीशी बाटली पुढे करतात, ही ओता, इंजिन नवंकोरं. मी महिनाभर नुसती वाचत राहिले. मग हळूहळू माणसं कळायला लागली. उत्तर देण्याआधी जो दोन प्रश्न विचारतो, तो बरा. 'मला माहीत नाही' असं लिहितो, तो त्याहून बरा. आणि सल्ला दिल्यावर पुन्हा येऊन 'काय झालं मग?' असं जो विचारतो, त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. असे लोक एकाच ग्रुपवर सापडले, जुन्या गाडीवाल्यांच्या. तिथे मी 'जुनं खोड' या नावाने शिरले. आधी विचारायची, मग सांगायला लागले. सगळ्यांना वाटतं कोणीतरी रिटायर म्हातारा आहे. सगळे मला काका म्हणतात.

मी सकाळी चहाबरोबर सांगायची, तो दुपारी मेकॅनिकला आपलं म्हणून सांगायचा. ग्रुपचं नाव त्याला माहीत होतं, माझं तिथलं नाव त्याने कधी विचारलं नाही.

तुम्ही दोघं गेलात, गाडीही गेली. दिवाळं निघाल्यावर दुकानाची पाटी राहते तशी मी ग्रुपवर राहिले. आणि या हिवाळ्यात तो तिथे आला. 'इंजिन ऑइल पितंय, काय करू?' पंधरावीस जण तुटून पडले. मी एवढंच विचारलं, "ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढल्यावर आधी पुसता का?" मला माहीत होतं, पुसत नाही. त्याचं लगेच उत्तर, "काका, तुम्ही शेजारी उभे असल्यासारखं सांगता!"

तेव्हापासून तो मला वेगळं, खासगीत लिहितो. एक रबरी कडी त्याला कुठेच मिळेना. माझ्याकडे इथल्या फडताळात तिची जोडी पडून होती. पाठवतो म्हटलं, तर पत्ता आला. पाकिटावर माझा पत्ता घातला नाही.

परवाच्या रविवारी तुला बाहेर न्यायचं कबूल करून तो गेला नाही, हे तुला माहीत आहे. का गेला नाही, ते मला माहीत आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. 'तू आजारी आहेस. कोणालातरी दाखव. मी आज त्याला सगळं सांगणार आहे.'

सांग ना. फक्त पोटभर जेवल्यावर सांग, उपाशीपोटी तो ऐकून घेत नाही. आधी तो लाजेल. मग चिडेल, आणि माझ्यावर नाही चिडणार, कारण मी समोर नसेन. तू असशील. आणि मग त्याला विचारायला कोणी उरणार नाही. तो तुला विचारेल. गाडी थांबवल्यावर इंजिन लगेच बंद का करायचं नसतं, सांगशील?

तू लिहिलंयस, मी त्याला खोटंनाटं सांगून गाडी बिघडवत असणार. हे मात्र लागलं मला. तिथे मी आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. इंजिनातला मोठा पट्टा विकणाऱ्याने बदललाय म्हणून सांगितलं होतं, पण पावती नव्हती. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन आतल्या आत स्वतःलाच खातं. मी म्हटलं, बदलून घ्या, आणि पाण्याचा पंपही त्याच वेळी घ्या, पुन्हा सगळं उघडावं लागेल. यात खोटं काय? ब्रेकचं जुनं तेल काढायला सांगितलं, ते काळं निघालं. चाकांवर टायर कधी बनला ते लिहिलेलं असतं, बघा म्हटलं. त्याने बघितलं आणि घाबरला. एकेक रविवार गेला खरा. पण तू रोज त्याच गाडीत बसतेस ना? तुझाच जीव वाचला म्हणायचा.

बिघडवायची असती तर एका ओळीचं काम होतं. पण धाकटे, बिघडलेली गाडी दारात उभी राहते आणि माणूस घरी बसतो. चांगली चालणारी जुनी गाडी माणसाला घरी बसू देत नाही. तिच्यात सतत काहीतरी अजून थोडं चांगलं करायचं राहिलेलं असतं. हे मी त्याच्याबरोबर राहून शिकले, तू आता शिकशील.

आपण तिघं फिरायला जायचो तेव्हा तू म्हणायचीस, "मागे बसलं की मला मळमळतं." मीच तुला पुढे बसवलं. त्या गाडीची मागची सीट म्हणजे सीट नव्हेच, गुडघे हनुवटीला लागतात. तिथून समोरच्या दोघांची डोकी मात्र फार छान दिसतात. आधी लांब होती. मग जवळ आली. मला वाटायचं, रस्त्याच्या वळणांमुळे.

आता तू पुढे आहेस आणि मळमळत नाही ना? उत्तम.

ताई


२० मार्च

धाकटे,

सांगितलं नाहीस.

मला कळलं, कारण त्याने कालही 'शुभ सकाळ काका' पाठवलं. आणि तुझं पत्र आलं. दीड पान मला शिव्या आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'माझ्याबद्दल काय म्हणतो?' शिव्यांचं अक्षर मोठं आणि प्रश्नाचं बारीक. तू लहानपणी चोरून साखर खायचीस तेव्हाही असंच करायचीस, आधी मोठ्याने भांडायचीस.

विचारलंयस तर सांगते. त्याचेच शब्द.

'घरी आलो की ही बोलतच सुटते काका, डोकं उठतं.' हे गेल्या महिन्यातलं. ते मी तुला मागच्या पत्राबरोबरच्या चिठ्ठीत कळवलं होतं, आठवतं? तू शहाण्यासारखी गप्प झालीस. आता या आठवड्यातलं ऐक. 'हल्ली ही तोंडातून शब्द काढत नाही काका, घरात पाय ठेवावासा वाटत नाही.'

हसू नको, पण मला हसू आलं. माझ्या वेळीही हेच होतं गं. बोलले तर कटकट, गप्प बसले तर रुसवा. फक्त मला तेव्हा सांगायला कोणी काका नव्हते.

तुझा केस बांधायचा नवा प्रकार त्याला दिसला. 'काहीतरी वेगळं केलंय डोक्याचं,' एवढं लिहिलं आणि पुढची तीन वाक्यं क्लचबद्दल. तुला हवं असेल तर क्लचचंही लिहून पाठवते.

घरी तू काहीही म्हटलंस, पडदे बदलूया, सुट्टी घे, डॉक्टरकडे चल, की तो म्हणतो म्हणे, "काकांना विचारून सांगतो." हे तू लिहिलंस तेव्हा मी पत्र बाजूला ठेवलं आणि गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा पुसत बसले. पडद्यांबद्दल त्याने मला खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, बदला, बायकोचं ऐकावं. बदलले ना? बघ, तुझ्या घरात पडदे लागतात तेसुद्धा माझ्या शब्दावर.

आणि तू एकटीच घायाळ आहेस असं समजू नकोस. मी एकदा सहज विचारलं, "तुमचं हे दुसरं लग्न ना? पहिली कशी होती?" उत्तर आलं, 'वाईट नव्हती हो. पण तिला गाडीतलं काही कळायचं नाही.'

आई मला म्हणते, "हल्ली तू फोनकडे बघून हसतेस." मी म्हटलं, दुकानातल्या पोरी विनोद पाठवतात. आमच्या दुकानात पोरी नाहीत, हे आईला माहीत नाही.

तू पुन्हा विचारशील. मी सांगेन. त्याच्याबद्दल खात्रीचं असं तुला दुसरीकडे कुठे मिळणार?

ताई


१२ मे

धाकटे,

हे पत्र मी मुद्दाम साध्या टपालाने टाकतेय. तुला मिळेल तेव्हा तुला कळून चुकलेलं असेल.

मार्चनंतरच्या तीन पत्रांत मी तुला एका बाईबद्दल लिहिलं नाही. तू 'आणखी काय म्हणतो' विचारत होतीस आणि मी तुला त्याचं ऑफिस, त्याची पाठदुखी, तुझी आमटी नको, भाजी नको, एवढंच कळवत राहिले. बाई ग्रुपवरची आहे. तिच्याकडे तसलीच गाडी आहे, पांढरी. ग्रुपवाले सकाळी कुठेतरी जमतात, तिथे भेटली. तिच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायचं. त्याने मला विचारलं, मी सांगितलं, आधी चाकांचा तोल बघायला सांगा, मग बाकीचं. त्याने तिला जाऊन तेच सांगितलं, आपलं म्हणून. थरथर थांबली. तिने म्हणे त्याला विचारलं, "एवढं सगळं तुम्हाला कसं कळतं?"

तो मला फार आनंदाने लिहायचा हे. तिला माझी वाक्यं जशीच्या तशी ऐकवायचा आणि ती काय म्हणाली ते मला कळवायचा. 'कोणीतरी पहिल्यांदा माझं ऐकतंय काका.' ऐकत होती मला, धाकटे. त्या बाईला त्याने पटवलं ते माझ्या जिभेवर. तुला पटवायला त्याला तेवढेही कष्ट पडले नव्हते.

परवा त्याने विचारलं, "काका, तिच्या गावी जायचंय. दिवसभराचा रस्ता, मध्ये घाट आहे. सामान भरलेलं असेल. गाडी जाईल ना?"

मी विचारलं, "परत कधी?"

"बघू," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "परत नाही काका. तुम्हाला म्हणून सांगतो, घरी अजून बोललो नाही."

मी त्याला सगळं बघायला लावलं. पाणी, ब्रेक, हवा, जादा चाक, दिवे. चढावर तापमानाची सुई कुठवर गेली तर थांबायचं आणि थांबल्यावर पाण्याचं टोपण लगेच उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते, तेही सांगितलं. तो लहान मुलासारखा एकेक करून 'झालं' असं लिहीत होता. तू तेव्हा घरात होतीस. मध्येच म्हणाला, 'ही विचारतेय एवढं काय चाललंय खाली, सांगितलं काकांनी सर्व्हिसिंग करायला सांगितलंय.'

आज सकाळी त्याचा शेवटचा प्रश्न आला. "निघू का?"

मी लिहिलं, "निघा. गाडी वाटेत दगा देणार नाही."

देणार नाहीच. त्यामुळे तू हॉस्पिटलांना फोन करत बसू नकोस.

ताई


८ जून

धाकटे,

तू दुकानात आलीस त्याला आता आठवडा होऊन गेला. तेव्हा बोलता आलं नाही ते लिहिते. सोबत एक डबी आहे, ती शेवटी उघड.

तू आलीस तेव्हा मी तुला क्षणभर ओळखलं नाही. आईसारखी दिसायला लागलीस. काउंटरला दोन्ही हात टेकून तू म्हणालीस, "एक शब्द लिहायचा होतास. गाडी जाणार नाही, एवढाच. तो गेला नसता."

"गाडी जाणार होती."

"ताई, एक शब्द गं!"

"मी तिथे खोटं लिहीत नाही."

"तिथे नाही," तू म्हणालीस. "मग मला लिहायचीस ती कुठली जागा होती?"

नेमके तेव्हा दांडी मोडलेला चष्मा घेऊन एक गृहस्थ आले. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांचा स्क्रू बसवून दिला, काचा पुसून दिल्या, नाकावरचे पॅड बदलून दिले. ते म्हणाले, "अहो, एवढं कशाला?" तू तिकडे बाकावर बसून होतीस, पर्स मांडीवर घट्ट धरून.

ते गेल्यावर तू घडी केलेला कागद काढलास. काकांनी त्याला काय लिहायचं ते तू स्वतः लिहून आणलं होतंस. पट्टा चुकीचा बसलाय, गाडी अजिबात चालवू नका, ज्याने बसवला त्याच्याकडेच परत आणा, आठवडा तिथेच थांबावं लागेल. चांगलं लिहिलं होतंस. कोणालाही खरं वाटलं असतं. तू ते मला वाचून दाखवत होतीस आणि कागद हातभर लांब धरून डोळे बारीक करत होतीस.

मी म्हटलं, "तुला चष्मा लागलाय."

"ताई, मी काय बोलतेय!"

"ऐकतेय. बस इथे."

तू बसलीस. का बसलीस कोण जाणे. लहानपणी वेणी घालायला बसायचीस तशी मान ताठ करून बसलीस. मी काचा बदलत गेले. "खालून दुसरी ओळ वाच." तू वाचायला लागलीस आणि मध्येच थांबलीस. मी म्हटलं, "रडतेस की अक्षर दिसत नाही, ते आधी सांग. नंबर चुकतो."

तू म्हणालीस, "दोन्ही."

मग मी तुला कबूल केलं, पाठवते म्हणून. चहा मागवत होते, तू थांबली नाहीस. दारातून "आईला सांगू नकोस मी आले होते," एवढं म्हणालीस.

मी ते पाठवलं नाही.

पाठवायला बसले होते. फोनवर त्याचे तीन मेसेज वाट बघत होते. गिअर बदलताना खरखर येते, ऐका म्हणून आवाज पाठवला होता. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला, दुरुस्तीला सोपा होता. शेवटच्या मेसेजमध्ये होतं, 'हीसुद्धा फार बोलते काका.' मी तुझा कागद समोर ठेवला आणि पहिली ओळ उतरवली. ती ओळ गेली असती तर तो दोन दिवसांत तुझ्या दारात आला असता, कडी वाजवत. तू दार उघडलं असतंस. आणि पुढच्या रविवारी मला लिहिलं असतं त्याने, 'ही तोंडातून शब्द काढत नाही.' तू बारीक अक्षरात विचारलं असतंस, काय म्हणतो. मी कळवलं असतं. आपण तिघं पुन्हा त्याच गाडीत.

मी ओळ पुसली आणि ते खातंच बंद केलं. 'जुनं खोड' आता तिथे नाही. खरखरीचं उत्तर न देता बंद केलं. तुला वाटेल, सूड घेतला. घेतला असेलही. पण सकाळी चहा घेताना हात आपोआप फोनकडे जातो आणि तिथे 'शुभ सकाळ' नसतं, हा कोणावरचा सूड, ते मला कळलेलं नाही.

ग्रुप बाहेरूनही वाचता येतो. काल बघितलं. त्याने सगळ्यांना उद्देशून लिहिलंय. 'काकांचं खातं अचानक बंद झालंय. कोणाकडे त्यांचा फोन, पत्ता आहे का? वय झालेलं माणूस, एकटे राहत असावेत. तब्येत बरी नसेल. कोणी जवळ राहत असेल तर कृपया जाऊन बघून या. मी येण्याजाण्याचं पेट्रोल देतो. मला झोप नाही.' संध्याकाळी पुन्हा तेच लिहिलं. आज सकाळी पुन्हा. ग्रुपवर कोणीच काकांना बघितलेलं नाही.

धाकटे, खरं सांग, अशी काळजी त्याने तुझी कधी केली? माझी नव्हती केली. मी अपेंडिक्सच्या वेळी हॉस्पिटलात होते तेव्हा तो खाली गाडीपाशी उभा होता, सावलीत लावलीय की नाही बघत.

डबीत तुझा चष्मा आहे. नंबर फार नाही. लांबचं तुला चांगलं दिसतं, जवळचं दिसत नाही. वाचताना लावत जा. आणि यायचं असेल तर ये. मी तुझ्याशी गोड बोलेन असं समजू नकोस, तू माझ्याशी बोलू नकोस. आई आहे मध्ये.

मी हे लिहितेय आणि आई शेजारी बसून बघतेय. आत्ताच विचारलंन, "डोळे का पुसतेस? कोणाचं काय झालं?"

मी म्हटलं, "ओळखीतले एक काका गेले."

"अरेरे," म्हणाली. "त्यांच्यामागे कोण कोण आहे गं?"

मी म्हटलं, "दोघी आहेत."

ताई